तीन पाईप, एक ओढा आणि परत आलेली फाईल: कासारी खोऱ्यातल्या एका मोरीचं प्रकरण

पार्श्वभूमी

गाव कासारी खोऱ्यातलं, पन्हाळ्याच्या पश्चिम अंगाला. नाव देत नाही, माणसांची पण नाही, आणि ओळख पटेल अशा एकदोन बारीक गोष्टी मुद्दाम बदलल्यात. मी कोल्हापुरात सर्व्हे, ड्रॉइंग, अंदाजपत्रक अशी कामं करतो, म्हणजे रस्ता एकजण मागतो, पैसे दुसरा देतो, परवानगी तिसरा देतो आणि कागद मी करतो. या प्रकरणातली पहिली चूक माझ्याच ऑफिसातनं झाली, त्यामुळं दुसऱ्यावर ढकलायला फारसं काही नाही.

गावठाणातनं एक पाणंद ओढा ओलांडून वाडीला जाते. वाडीत बावीस उंबरा, पुढं ऊस आणि भात. ओढ्यावर पूर्वी दगडी फरशी होती, ती २०१९ च्या पावसात उखडली, राहिलेली २०२१ ला गेली. तेव्हापासनं उन्हाळ्यात ट्रॅक्टर तळातनंच घालायचे आणि पावसाळ्यात वाडीनं वरच्या पुलावरनं सव्वादोन किलोमीटरचा फेरा मारायचा. शाळेची पोरं ओढ्याच्या काठावर येऊन पाणी बघायची आणि परत घरी जायची. मोरी, म्हणजे रस्त्याखालनं ओढ्याचं पाणी जाऊ देणारं बांधकाम, हवी होती यात वादच नाही, आणि पुढं जे लिहिलंय ते मोरीच्या विरोधात आहे असं कुणी समजू नये.

डिसेंबर २०२४ मध्ये प्रस्ताव गेला. आमच्या ऑफिसातल्या पोरानं ड्रॉइंग केलं, नेहमीचंच, ९०० मिलिमीटरचे तीन ह्यूम पाईप (काँक्रीटचे) एका रांगेत, वर मुरूम, दोन्ही बाजूला हेडवॉल, म्हणजे पाईपांच्या तोंडाशी भिंती. मी सही केली. जाग्यावर गेलो नव्हतो. उसाचा हंगाम, पाच कामं हातात, आणि पाईप मोरी म्हणजे झोपेत काढायचं ड्रॉइंग असं आम्ही समजतो. ठेकेदार तर इतका खात्रीत की परवानगी यायच्या आधीच पाईप आणून काठावर टाकून मोकळा.

अडचण

जानेवारीत फाईल परत आली. लोकांना वाटतं ग्रामपंचायतीचा ठराव झाला की झालं, पण ओढ्याचा तळ ग्रामपंचायतीचा नसतो, महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम २० प्रमाणं नदी-नाल्यांचे तळ सरकारचे. म्हणून पाण्याच्या खात्याची ना-हरकत लागते, आणि तिथल्या मॅडमनी फाईलवर हिरव्या शाईत तीन प्रश्न लिहून ती परत पाठवली होती. रुंदी कुठं मोजली? पाईपचा तळ ओढ्याच्या तळाच्या वर की खाली? काम चालू असताना पाणी कुठनं जाणार?

खरं सांगतो, मला राग आला. पंधरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. आमच्याकडं एकच हिशोब बघतात, पाणी पास होतंय का. पोराला विचारलं रुंदी कुठं मोजलीस, तर म्हणाला, सर, टेप धरली नाही, तीन पाईपला २.७० बसतंय म्हणून नाला २.७० दाखवला. म्हणजे आम्ही ओढा बघून मोरी काढली नव्हती, मोरी बघून ओढा काढला होता.

त्यात वरच्या अंगाच्या शेतकऱ्यानं वेगळंच धरलं. त्याचं भाताचं रान क्रॉसिंगच्या वरच्या बाजूला लागून. तो म्हणाला तुमचे पाईप तुंबले की पाणी माझ्यात शिरणार, मी तहसीलदारांकडं जातो. मामलेदार कोर्ट अ‍ॅक्ट १९०६ च्या कलम ५ खाली पाण्याचा नैसर्गिक प्रवाह अडवला म्हणून दाद मागता येते, हे त्याला कुणीतरी नीट शिकवून पाठवलं होतं. सरपंच म्हणाले हा राजकारण करतोय. करत असेल, पण पाणी शिरणार हे त्याचं म्हणणं बरोबरच होतं, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं.

जाग्यावर काय दिसलं

जानेवारीच्या शेवटी मी, पोरगा आणि टेप असे तिघं गेलो. क्रॉसिंगपाशी ओढा साडेसात मीटर रुंद, पण ती रुंदी ट्रॅक्टरांनी काठ तुडवून केलेली. पाणी म्हणाल तर मीटर-सव्वामीटरची धार. दोन्ही आकडे निरुपयोगी. मग वर पन्नास मीटर आणि खाली पन्नास मीटर चालत गेलो आणि जिथं काठ शाबूत आहेत, करंज-वाळुंजाची मुळं काठ धरून आहेत, तिथं मोजलं. काठोकाठ भरल्यावर ओढा किती रुंद असतो ते तिथं दिसतं, माती संपून धुतलेले दगड कुठं सुरू होतात ती रेघ धरायची. सहा ठिकाणी मोजलं, ४.१ ते ४.४ मीटर. आमच्या तीन पाईपांची तोंडं मिळून २.७, आणि तीही तीन तुकड्यांत.

वाडीतले एक आबा मागनं येऊन उभं राहिले होते. त्यांना विचारलं जास्तीत जास्त पाणी कुठवर आलं होतं. त्यांनी तोंडानं काही सांगितलं नाही, काठी वर केली आणि करंजाच्या एका फांदीला लावली. फांदीच्या बेचक्यात उसाचं पाचट, खताच्या पोत्याची चिंधी आणि एक चप्पल अडकलेली, माझ्या डोक्याच्या थोडं वर.

त्या खुणेवरनं छेद काढला. पाण्याचा छेद साधारण साडेपाच चौरस मीटर, तळाचा उतार साठाला एक, तळ खडबडीत म्हणून मॅनिंगच्या, म्हणजे पाण्याचा वेग काढायच्या सूत्रात खडबडीतपणाचा आकडा एन ०.०५ धरला, वेग आला सेकंदाला २.२ मीटर, म्हणजे विसर्ग सेकंदाला १२ घनमीटरच्या आसपास. पाणलोट नव्वद हेक्टर. पुराचा अंदाज काढायचं इंग्लिसचं सूत्र लावलं तर ३३ येतात, पण ते सूत्र सह्याद्रीतल्या मोठ्या पाणलोटांवरनं बांधलेलं, एवढ्याशा ओढ्याला ते अंगापेक्षा बोंगा मोठा असं होतं. रॅशनल पद्धतीनं, म्हणजे पाऊस आणि पाणलोटावरनं हिशोब करून, १० च्या जवळ आलं, म्हणून आबांच्या काठीवर विश्वास ठेवला. आमचे तीन पाईप फार फार तर सहा घनमीटर काढतील, तेही साफ असतील तर. वरचा शेतकरी राजकारण करत असो नसो, त्याच्या रानात पाणी जाणारच होतं.

आता मुख्य गोष्ट. आबा म्हणाले, साहेब, पाईपचीच मोरी बघायची असली तर खाली एक हाय की, चला. दोनअडीचशे मीटर खाली पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची दोन पाईपांची मोरी. पाईपाच्या खालच्या तोंडापाशी पाण्यानं डोह खणलेला, पाईपाचा ओठ पाण्याच्या दोन-सव्वादोन फूट वर लोंबतोय आणि तिथनं धार पडतीय. पाईप बसवताना तळाच्या लेव्हललाच बसवला असणार, पण आत पाणी जोरात पळतं, बाहेर पडलं की तळ उकरतं आणि दरवर्षी थोडं थोडं करत मोरी हवेत राहते. आबा खुशीत सांगायला लागले, मिरगाचा पहिला पाऊस झाला की चढणीचे मासे येतात, आणि ह्या डोहात लई घावतात, बाया-पोरं बुट्ट्या घेऊन बसतात, मळ्या, मुऱ्या, खेकडं, सगळं.

मी तिथं चांगला पाचेक मिनिटं उभा राहिलो. मासे तिथं घावतात कारण तिथनं पुढं त्यांना जाता येत नाही. चढणीचे मासे अंडी घालायला वर निघालेले असतात, ओढ्यातनं चढताना दगडाआड दम खात खात जातात, आणि पाईपात दम खायला दगडच नाही, त्यात तोंड दोन फूट वर. गावाला वाटतंय ही माशांची जागा, आणि ती खरं तर मासे अडायची जागा. वरच्या अंगाला मासा दिसतो का म्हणून आबांना विचारलं. थोडा विचार करून म्हणाले, आमच्या लहानपणी पार डोंगराच्या पायथ्यापतोर असायचा, आता कुठं हाय.

वरच्या मोरीनं काय होईल ते खालच्या मोरीनं आधीच दाखवून ठेवलं होतं.

पर्याय

मॅडमच्या ऑफिसात बैठक झाली. त्यांची पद्धत साधी होती: आधी टाळता येतंय का बघा, मग कमी करता येतंय का बघा, आणि उरलं ते भरून द्या. याच क्रमानं.

टाळायचं म्हणजे मोरीच नको, वरच्या पुलाकडं जाणारा रस्ता नीट करा. यावर सरपंच उठून उभेच राहिले. पण मी हिशोब केला, तो रस्ता चांगला करायला दोन ठिकाणी खाजगी जमीन लागत होती आणि पोरांचा फेरा तसाच राहत होता. अर्ध्या तासात विषय संपला, तरी तो फाईलवर लिहून संपवला हे चांगलं झालं, नाहीतर पुढं कुणीतरी विचारतोच.

दुसरा पर्याय फरशीचा, जुनी होती तशी, पाणी वरनं जाऊ द्यायचं. ओढ्याला त्रास कमी, खर्च कमी. पण पावसाळ्यात रस्ता बंदच, आणि वाहत्या फरशीवरनं कुणीतरी गाडी घालतोच, दरवर्षी बातम्या वाचतो आपण. गावानं नको म्हटलं, मलाही पटत नव्हतं.

तिसरा, पाईपच ठेवा पण मोठे घ्या आणि तळाच्या खाली पुरा, म्हणजे आत दगडगोटे बसून ओढ्याचा तळ तयार होईल. हा बरा पर्याय आहे, बऱ्याच ठिकाणी चालतो. इथं अडचण अशी की मोठे दोन पाईप घेतले तरी मधे खांबासारखं राहतं आणि पाचट नेमकं तिथं अडकतं. उसाच्या भागात पाचट ही काय चीज आहे ते ज्यानं ऑगस्टमध्ये तुंबलेली मोरी मोकळी केलीय त्यालाच माहीत.

चौथा, खाली तळ मोकळा ठेवून दोन्ही काठांवर भिंती आणि वर स्लॅब. काँक्रीटचा तळ नाहीच, ओढा आपल्या दगडांवरनंच जाणार. अमेरिकेच्या वनखात्यानं याच विचारावर डिझाईनची पद्धत बसवलीय, मोरीच्या आतला ओढा बाहेरच्या ओढ्यासारखाच ठेवायचा आणि मोरी किमान काठोकाठच्या रुंदीएवढी धरायची. ४.४ च्या पुढं जायचं म्हणून आम्ही ४.८ मीटरचा गाळा, म्हणजे दोन भिंतींमधलं अंतर, धरला. सहा मीटरच्या आत आहे तोवर ती मोरी, त्यावर गेली की लहान पूल होतो आणि मंजुरीची वाट बदलते. हा सहाचा आकडा डोक्यात ठेवूनच ४.८ धरले हे कबूल करतो, मुळात साडेपाच घ्यायला हवे होते का, तर कदाचित हो. खर्च पाईपांच्या पावणेदोन पट.

इथं सगळे अडले. पावणेदोन पट कोण देणार? सरपंच म्हणाले तीन पाईपांवर आजवर जग चाललं की ओ मॅडम. मॅडम शांतपणे म्हणाल्या, तुमच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) पावसाळ्याआधी का काढता तुम्ही? सरपंच म्हणाले पूर आणि गाळ जाऊ दे म्हणून. मग इथं कायमचे बरगे घालायची परवानगी मागताय, असं त्या म्हणाल्या. यावर कुणी काही बोललं नाही. माझं गणित दाखवून जे झालं नसतं ते बरग्यांनी झालं. खालच्या मोरीच्या तीन वेळच्या दुरुस्तीची बिलं ग्रामपंचायतीतच होती, ती मांडल्यावर पावणेदोन पट तेवढं महाग पण वाटेना.

काय ठरलं

तळ मोकळा ठेवणारी स्लॅबची मोरी. जागा बारा मीटर वर सरकवली, कारण जुन्या जागी ओढा वळणात होता आणि रस्ता तिरका पडत होता. नव्या जागी ओढा सरळ, काटकोनात ओलांडता येतो, पायाला खडक वर, आणि मोरीची लांबी पण कमी झाली. यासाठी एका जांभळाच्या दोन फांद्या गेल्या, झाड राहिलं.

रस्त्याची लेव्हल मुद्दाम सपाट ठेवली नाही. वाडीकडच्या बाजूला रस्ता चाळीस सेंटीमीटर खाली घेतला, म्हणजे कधी मोरीच्या आवाक्याबाहेर पाणी आलंच तर तिथनं रस्त्यावरनं जाऊन परत ओढ्यातच पडेल. असं केलं नाही तर पाणी पाणंदीनं धावत गावठाणात जातं, पाणंदीचाच ओढा होतो. त्या खोलगट भागाला दोन्ही बाजूनं दगडी पिचिंग.

ठेकेदाराचे आणून टाकलेले पाईप? त्यातले दोन भाताच्या रानालगत, ओढ्याच्या काठापासनं लांब, भरावातनं आडवे घातले. पुरात रानात पसरलेलं पाणी रस्त्याच्या भरावानं अडू नये म्हणून. वरच्या शेतकऱ्याची तक्रार त्याच दिवशी मिटली. तिसरा पाईप अजून काठावर पडलाय, त्यात कुत्री झोपतात.

गटारींचं मात्र आमच्या ध्यानातच आलं नव्हतं, मॅडमनी दाखवलं. रस्त्याच्या दोन्ही गटारी उतारानं येऊन थेट ओढ्यात पडत होत्या, म्हणजे पाणंदीची सगळी तांबडी माती ओढ्यात. त्या ओढ्याच्या पंधरा-वीस मीटर अलीकडंच गवताच्या पडीक रानात काढायच्या ठरल्या. खर्च जवळपास शून्य.

परवानगी मार्चच्या मध्यात आली, अटींसकट. तळातले धोंडे काढून वेगळे ठेवायचे आणि त्याच क्रमानं परत लावायचे. ओलं काँक्रीट वाहत्या पाण्याला लागू द्यायचं नाही, कारण त्या पाण्याचा पीएच १२ वर जातो आणि खाली मासा राहत नाही. मिक्सर धुतलेलं पाणी काठापासनं लांब खड्ड्यात. पंपाचं गढूळ पाणी परत ओढ्यात सोडायचं नाही, पडीक रानात मुरवायचं. आणि शेवटची अट, प्रवाहातलं काम पावसाळ्यापूर्वी पूर्ण करावं. या शेवटच्या अटीवर परत येतो.

प्रत्यक्ष काम

मार्चअखेरपर्यंत ऊसतोड चालली, ट्रॉल्या तळातनं जात होत्या, त्यामुळं जागा मोकळी झाली ११ एप्रिलला. वर मातीच्या पोत्यांचा बांध घातला, पाणी एका मोठ्या पीव्हीसी पाईपातनं कामाला वळसा घालून खाली सोडलं. बांध घातल्यावर मधल्या भागात पाणी आटायला लागलं तशी पोरं जमली. डबक्यांत मासे उघडे पडले होते. मी म्हटलं खायचे नाहीत, बादलीत भरून वर सोडायचे. पोरांनी तोंडं वाकडी केली, पण आबांनी दम दिला. दोन तासांत बारा-तेरा बादल्या वर गेल्या. चार मासे खिशात गेले असतील, त्याचा हिशोब मी ठेवला नाही.

धोंड्यांचं काम मजेशीर झालं. जेसीबीवाल्याला सांगितलं मोठे एका ढिगात, गोटे दुसऱ्या, बारीक खडी तिसऱ्या. तो म्हणाला, साहेब, दगडाला काय जात असती व्हय. पहिल्या दिवशी सगळं एकत्र केलं त्यानं, दुसऱ्या दिवशी मी सकाळी सातला जाऊन बसलो तेव्हा कुठं ढीग वेगळे झाले.

पाया खडकावर बसला, भिंती झाल्या, ९ मे ला स्लॅब पडला. गाळा साडेचारच्या वर असला की टेकू चौदा दिवस काढत नाहीत, म्हणजे २३ मे. त्यानंतर खालच्या बाजूच्या एका विंगवॉलचं, म्हणजे मोरीच्या कडेला काठ आणि भराव धरणाऱ्या भिंतीचं काम आणि धोंडे परत लावायचं, आठवड्याभराचं. मिरगाला सात जून. सगळं बसत होतं कागदावर.

वीस मे

२०२५ च्या मे मध्ये काय झालं ते कोल्हापूरकरांना सांगायला नको. वळीव म्हणावा तर थांबेना, आणि २५ तारखेला तर मान्सूनच तळकोकणात येऊन बसला, दरवर्षीपेक्षा दहा-बारा दिवस आधी. लोकांच्या धूळवाफ (पावसाआधी कोरड्यात करायच्या) पेरण्या राहिल्या, आमचे टेकू राहिले.

२० मे च्या रात्री अकराला ठेकेदाराचा फोन आला, पाणी आलंय. मी पोचलो तेव्हा पोत्यांचा बांध अर्धा गेला होता आणि ओढा स्लॅबच्या टेकूंमधनं वाहत होता. टेकूंना पाचट अडकायला लागलेलं. हेच टाळायला पाईप नको म्हटलं होतं आणि आता आम्हीच तिथं पन्नास खांब उभं करून ठेवले होते. टेकू काढावेत तर अकराच दिवस झालेले, ठेवावेत तर पाचटाचा दाब वाढला की टेकूंसकट सगळं खाली. चौघं कमरेला दोर बांधून कोयत्यानं पाचट तोडत होते, बाकीचे वरनं बॅटऱ्या धरून. तीनच्या सुमाराला पाणी उतरलं. स्लॅब राहिला. दोरावरच्या माणसांना मी पाण्यात उतरू दिलं ही गोष्ट आजही मला बरी वाटत नाही.

विंगवॉल नसलेल्या बाजूचा सगळा भराव मात्र धुऊन गेला. खाली एकशे ऐंशी मीटरवर गावाच्या पाणी योजनेची विहीर, ओढ्याच्या काठालाच. पाच दिवस नळाला चहासारखं पाणी येत होतं. बायका ग्रामपंचायतीवर गेल्या, आणि एकीनं मला तोंडावर विचारलं, तुमी मासं वाचवत होता न्हवं, मग आमचं पाणी कुणी बघायचं? मला उत्तर सुचलं नाही. विहीर नकाशावर होती, फाईलवर होती, अटींमध्ये मात्र तिचा उल्लेख कुणीच केला नव्हता, मीही नाही आणि मॅडमनीही नाही.

टेकू उघडीप बघून पुढच्या आठवड्यात काढले. धोंडे मोठे तेवढे लावून झाले, बारीक राहिले. विंगवॉलच्या जागी तात्पुरती दगडाची जाळी बसवली.

निकाल

पावसाळ्यात तीनदा जोराचं पाणी आलं, मोरी एकदाही वरनं वाहिली नाही. वाडीचा रस्ता चालू राहिला. वरच्या शेतकऱ्याच्या रानात पाणी आलं पण आडव्या पाईपांनी संध्याकाळपर्यंत उतरलं, दोनातला एक पाईप पाचटानं अर्धा भरला होता.

नोव्हेंबरात परत टेप घेऊन गेलो. मोरीच्या आत ओढ्यानं स्वतःच बारीक खडी आणून भरलीय, एका बाजूला उथळ पट्टा, दुसऱ्या बाजूला खोलगट धार, बाहेर आहे तसंच. आम्ही लावलेले दोन मोठे धोंडे हललेत, बाकी जागेवर. खालच्या तोंडाला पडझड नाही, डोह नाही, पायरी नाही. धोंड्याआड बोटभर मुऱ्या बसलेल्या दिसल्या, पण त्यावरनं मासे डोंगरापर्यंत गेले असं मी म्हणणार नाही, कारण खालची जुनी मोरी तशीच लोंबतीय आणि ह्या मुऱ्या आम्ही बादलीतनं वर सोडलेल्यांच्याच असतील.

डाव्या काठाला, जिथं विंगवॉल करायची राहिली होती, अडीच फूट खोल खचलंय. जाळी वाकडी झालीय. गटारींपैकी एक ठरल्याप्रमाणं गवतात निघते, दुसरी परत कुणीतरी माती ओढून ओढ्यात वळवली, कारण पडीक रानाच्या मालकाला ते पाणी नको होतं. त्याला विचारायचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परत करायचं झालं तर

जाग्यावर न जाता सही, हे सगळ्यात आधी. माझे सात आठवडे त्यात गेले, आणि ते सात आठवडे असते तर स्लॅब मार्चच्या शेवटी पडला असता. ऊसतोडीचं कारण मी वर दिलंय, पण ट्रॉल्यांसाठी खाली तात्पुरता रस्ता काढून फेब्रुवारीत काम सुरू करता आलं असतं. कुणी सुचवलं नाही, मीही नाही.

'पावसाळ्यापूर्वी' ही तारीख नव्हे. अट अशी हवी होती की १५ मे नंतर ओढ्याच्या पात्रात टेकू, पोती, सुटी माती काहीही राहणार नाही, आणि राहणार असेल तर काम पुढच्या हंगामात. मॅडमना हे नंतर बोललो, त्यांनी मान्य केलं, आता त्या तारीख घालतात.

तयार बॉक्सचे तुकडे आणून क्रेननं बसवायचे हा पर्याय मी दोन मिनिटांत सोडला होता, पाणंदीनं क्रेन येणार नाही म्हणून. नंतर मोजलं तर एका वळणावर बांध दीड मीटर मागं घेतला असता तर क्रेन आली असती. तीन बाजूंचे, तळ नसलेले तुकडे मिळतात, चौदा दिवसांच्या टेकूंचा प्रश्नच आला नसता. पायाच्या खर्चात फरक नाही, वरच्या खर्चात थोडा. इथं निर्णय घाईत झाला.

विहीर. गाळ अडवायला खालच्या बाजूला गवताच्या पेंढ्यांचा आणि जाळीचा एक पदर, आणि काम चालू असेपर्यंत विहिरीचा पंप बंद ठेवून टँकरची सोय, एवढं अंदाजपत्रकात धरलं असतं तर ती बाई माझ्यावर चिडली नसती. पण अंदाजपत्रकात पाणी वळवण्यालाच स्वतंत्र आयटम नव्हता. 'अनुषंगिक कामे' मध्ये ढकललं होतं, आणि ज्याला आयटम नाही त्याला ठेकेदार माती भरलेली पोती आणि एक पाईप यापलीकडं देत नाही, त्याचं चुकतंय असंही नाही.

खालच्या लोंबत्या मोरीचा प्रस्ताव आता ग्रामपंचायतीनं दिलाय. पूर्ण बदलायला पैसे नाहीत, म्हणून डोहात मोठे धोंडे रचून टप्प्याटप्प्यानं चढण करायची, मासा वर जाईल आणि पाईपाखालचं उकरणं थांबेल. बाया-पोरांना हे सांगितल्यावर पहिला प्रश्न आला, मग मासं धरायचं कुठं? आबा म्हणाले वर डोंगरापतोर जाऊन धरा की, पाय मोडलेत काय. अंदाजपत्रक माझ्याच टेबलावर आहे, आयटम नंबर एक 'प्रवाह वळवणे व गाळ अडवणे', आयटम नंबर दोन डाव्या काठाची विंगवॉल, वरच्या मोरीची, राहिलेली.